फोमची फ्लाय आणि काळ्या मातीचं पाणी

गळाला काय लावायचं हे मासे धरणाऱ्याला शिकवावं लागत नाही. वसमत तालुक्यातल्या कुरुंद्याच्या शिवारात गांडूळ आहे, कणकेचा गोळा आहे, पावसाळ्यात लहान बेडकीही आहे. यातलं काहीच न लावता, नुसत्या गळावर दोरा, पीस आणि रबर बांधून किडा उभा करायचा आणि त्यावर मासा घ्यायचा, ही फ्लायची कला मात्र आपल्याकडे फार थोड्यांच्या हातात आहे. त्या कलेत गेल्या तीस-चाळीस वर्षांत एका स्वस्त वस्तूनं मोठा फरक पाडला. ती वस्तू म्हणजे फोम. पोरांच्या हस्तकलेसाठी स्टेशनरीच्या दुकानात जी रंगीत, दोन मिलिमीटर जाडीची शीट मिळते, तीच.

फोम बांधण्याच्या पद्धती बहुतेक अमेरिकेत घडल्या, आणि त्या घडल्या स्वच्छ, थंड, वाहत्या पाण्यातल्या ट्राउटसाठी. आपलं पाणी वेगळं आहे. पूर्णेवरच्या येलदरी आणि सिद्धेश्वर धरणांचा फुगवटा, त्यांचे कालवे, गावतळी, पाझर तलाव, आणि आता जागोजागी शेततळी. पाणी बहुतेक साचलेलं, काळ्या मातीमुळे चार-पाच महिने गढूळ. मासा मरळ, चिलापी, नाहीतर सोडलेला रोहू-कटला. म्हणून परदेशी पद्धती जशाच्या तशा उचलण्यापेक्षा त्यांतली कुठली इथे कामाची आणि कुठली नुसती देखणी, हे बघायला हवं. माझ्या मते सगळ्या फोमकामाचा कस तीन प्रश्नांत आहे. फोम गळावर फिरतो का? गळाचं तोंड मोकळं राहतं का? आणि बांधलेला किडा पाण्यावर किती खोल बसतो? तरंगण्याचा प्रश्न यात येत नाही, कारण तो फोमनं आपल्यासाठी आधीच सोडवलेला आहे.

तो आधी किती अवघड होता हे समजल्याशिवाय फोमची किंमत कळत नाही. आपल्याकडे गळाच्या तरंड्याला ज्वारीच्या धांड्याचा तुकडा, मोरपिसाची काडी, भेंड, पांगाऱ्याचं हलकं लाकूड असं काय काय वापरलं गेलं. पोहायला शिकणाऱ्या पोराच्या कमरेला वाळका भोपळा बांधायचा, त्यामागेही हाच विचार. धांड्याचा गर हलका असतो, पण त्याच्या नळ्या टोकांना उघड्या, म्हणून तो हळूहळू पाणी ओढतो आणि जड होतो. मेण लावलं तर जास्त वेळ टिकतो, इतकंच. मोरपिसाची काडी त्याहून चांगली, कारण तिच्यावर कडक, पाणी न शिरू देणारी साल असते आणि आत भुसभुशीत गर. ही काडी आणि आजचा फोम एकाच तत्त्वावर चालतात: हवा बारीक कप्प्यांत कोंडायची आणि कप्प्याचं तोंड बंद ठेवायचं.

विलायतेत हाच प्रश्न दुसऱ्या वाटेनं सोडवला गेला. फ्रेडरिक हॅलफर्ड यांचं तरंगत्या फ्लाय बांधण्यावरचं प्रसिद्ध पुस्तक 1886 चं. त्या काळातली फ्लाय कोंबड्याच्या मानेच्या ताठ पिसांवर उभी राहायची. पिसाचे शेकडो तंतू पाण्याच्या ताणलेल्या पृष्ठभागावर टेकतात आणि गळाचं वजन पेलतात. यात उचल अशी नाहीच. तंतू भिजले की फ्लाय बुडते, म्हणून तिला तेल लावा, फडक्यानं टिपा, हवेत फटकारून वाळवा, हे सतत चालतं. त्या पिसांचा आपल्याशी संबंध आहे. पिसांसाठी खास कोंबड्यांची पैदास सुरू होण्याआधी जगभरच्या फ्लाय बांधणाऱ्यांच्या पेटीत भारतातून गेलेल्या गावठी कोंबड्यांच्या माना असत. आपल्या उकिरड्यावर चरणाऱ्या कोंबड्याचं पीस इंग्लंड-अमेरिकेच्या नद्यांवर पोचलं, पण त्यावर बांधलेली फ्लाय इथल्या गावात आली नाही, याची मला खंत वाटते.

दुसरी वाट हरणाच्या केसांची. हरणाचा केस आतून पोकळ असतो. तो दोऱ्यानं आवळला की फुलारतो आणि त्याचा घट्ट गोळा कातरून बेडूक किंवा किडा करता येतो. 1930 च्या दशकात डॉन गेपेननं बांधलेल्या मडलर मिनोचं डोकं असंच आहे. आपल्याला ही वाट बंद आहे आणि ती बंदच असावी. चितळ, सांबर, काळवीट हे सगळे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतात. सह्याद्रीतल्या राखी रानकोंबड्याच्या मानेची चकचकीत ठिपक्यांची पिसं एके काळी सामन माशाच्या फ्लायसाठी परदेशी जात, तेही कायद्यानं थांबलं. तिसरी वाट बुचाची. ते तरंगतं चांगलं, पण कोरताना तुकडे पडतात, आणि बारीक गळावर धड बसत नाही. या तिन्ही वाटांचे अडथळे फोम एकदम पार करतो. त्याला तेल लागत नाही, त्यासाठी कुठलं जनावर मारावं लागत नाही, आणि तो साध्या कात्रीनं कापला जातो.

पण फोम म्हणून जे मिळतं ते सगळं सारखं नसतं. अंगाला साबण लावायचा स्पंज किंवा उशीतला फोम उघड्या कप्प्यांचा असतो, तो पाणी पितो. फ्लायसाठी बंद कप्प्यांचा हवा. हस्तकलेची शीट इव्हीएची असते, म्हणजे एथिलीन आणि व्हिनाइल ॲसिटेट यांच्या संयुगाची, आणि तिचे कप्पे बंद असतात. पारखायला सोपं आहे. तुकडा पाण्याखाली धरून चिमटीत दाबायचा आणि सोडायचा. बुडबुडे सुटले आणि तुकडा जड झाला तर तो स्पंज. टीव्ही-फ्रिजच्या पॅकिंगमधला पांढरा, वेफरसारखा फोम बंद कप्प्यांचा आणि फार हलका असतो, पण दोऱ्याखाली चुरगळतो आणि परत फुगत नाही. योगाची चटई जाडजूड कामाला बरी. हवाई चपलेचा तळ इव्हीएच्या शीटपेक्षा जड, तरीही चांगला तरंगतो. जुलै 2022 मध्ये कुरुंद्यात पुराचं पाणी घरादारांत शिरलं. असा पूर ज्यानं पाहिला आहे त्याला काय बुडतं आणि काय वर येतं हे वेगळं सांगायला नको. बाद झालेली एक चप्पल मरळीच्या मोठ्या गळांना हंगामभर पुरते.

उचल किती मिळते याचा हिशेब एकदा करून बघण्यासारखा आहे. दोन मिलिमीटर जाड, सहा मिलिमीटर रुंद आणि वीस मिलिमीटर लांब पट्टी घेतली तर तिचं घनफळ 240 घन मिलिमीटर, म्हणजे जवळजवळ पाव घन सेंटिमीटर. पूर्ण बुडाली तर ती 0.24 ग्रॅम पाणी बाजूला सारते. तिचं स्वतःचं वजन 0.04 ग्रॅमच्या आसपास. म्हणजे 0.2 ग्रॅम उचल शिल्लक. दहा नंबरचा बारीक तारेचा गळ साधारण 0.05 ग्रॅमचा. पट्टी त्याच्या चौपट वजन पेलते. मग फोमच्या फ्लाय बुडतात कशा? दोऱ्यामुळे. जिथे दोरा आवळला तिथे कप्पे चपटे होतात आणि हवा दबते. नवखा हात फोम सुटेल या भीतीनं जागोजागी वीस-वीस वेढे देतो, वर डिंक फासतो, आणि उचल स्वतःच मारून टाकतो. जेवढ्यास तेवढा दोरा ही या कामातली पहिली शिस्त आहे.

आता पद्धती. सगळ्यांत जुनी आणि माझ्या मते सगळ्यांत उपयोगी पद्धत पट्टी उलटून घेण्याची. पट्टीचं टोक गळाच्या वाकाजवळ बांधायचं, उरलेली पट्टी मागे लोंबत ठेवायची, दांडीवर पोट भरायचं, मग पट्टी पाठीवरून पुढे ओढून नेढ्याच्या मागे बांधायची. भुंगेऱ्याची पाठ तयार. यात फोम फक्त दोन ठिकाणी आवळला जातो आणि मधली सगळी लांबी मोकळी फुगलेली राहते, म्हणून थोड्या फोममध्ये जास्त उचल मिळते.

दुसरी पद्धत थरांची. काळी आणि पिवळी अशा दोन शीट एकमेकांना चिकटवायच्या, लांबोडक्या आकारात कापायच्या, दांडीच्या वर ठेवून दोन-तीन ठिकाणी बांधायच्या आणि प्रत्येक बांधावर रबराचे पाय काढायचे. अमेरिकेतल्या युटा राज्यातल्या ग्रीन रिव्हरवर 1990 च्या दशकात गाजलेली चेर्नोबिल अँट ही याच घराण्यातली, 1986 च्या अणुभट्टी दुर्घटनेचं नाव घेतलेली. ती कुठल्या एका किड्यासारखी दिसत नाही, पण काहीतरी जिवंत, पाय हलवणारं, वरून पडलेलं आहे असं माशाला वाटायला लावते. थरांचा मोठा फायदा माणसाला होतो. वरचा थर भडक ठेवला की संध्याकाळच्या उजेडात फ्लाय आपल्याला दिसते, माशाला दिसतं ते फक्त काळं पोट.

तिसरी पद्धत शेपूट लांबवण्याची. फोमची पट्टी सुईवर गुंडाळून, दोऱ्यानं खंड पाडून आधी पोट तयार करायचं, सुईवरून उतरवायचं, आणि मग ते आखूड गळावर असं बांधायचं की मागचा भाग गळाच्या पलीकडे मोकळा राहील. नाकतोडा आणि चतुर यांसाठी हे सुंदर दिसतं. सोयाबीन पिवळं पडायला लागतं त्या दिवसांत बांधावरून उडणारा नाकतोडा पाण्यात पडतो, तेव्हा अशी फ्लाय बांधायचा मोह होतो. पण चिलापी शेपटीला टोचून बघते, गळ पुढे असतो, आणि मासा लागत नाही. वाहत्या पाण्यातला ट्राउट किडा धारेबरोबर पुढे निघून जाईल म्हणून झटकन पूर्ण गिळतो. साचलेल्या पाण्यातल्या माशाला घाई नसते. इथे मी लांब शेपटीची फ्लाय बांधणार नाही, आणि नवशिक्याला तर अजिबात सुचवणार नाही.

चौथी पद्धत नळकांड्याची, तिच्याकडे मरळीच्या वेळी येतो. याशिवाय फोमची बारीक पट्टी दांडीभोवती गुंडाळून पोट करण्याची पद्धत आहे. ती नीटस दिसते, पण गुंडाळताना फोम ताणला जातो, पातळ होतो, कप्पे लांबट होतात, आणि दांडीच्या खालीही फोम आल्यामुळे गळाचं तोंड बुजतं. उचल कमी आणि अडथळा जास्त. ही पद्धत मोडीत काढावी असं माझं स्पष्ट मत आहे.

फोम गळावर फिरणं हा सगळ्यांत मोठा वैताग. दांडी गुळगुळीत, फोम गुळगुळीत, दोन-चार मासे लागले की पाठ पोटाखाली येते. उपाय दांडीवर आहे. आधी दोऱ्याचे वेढे पुढून मागे आणि मागून पुढे असे तिरपे, उघडे टाकायचे, म्हणजे दांडी खरखरीत होते. त्यावर फेविक्विकचा टाचणीच्या टोकावर मावेल एवढा थेंब, आणि मग फोम. फेविक्विक इव्हीएला उत्तम धरतं. पण जास्त झालं तर फोम त्या जागी कडक होतो आणि पांढरा पडतो. आणि दोरा? शिवणकामाचा सुती दोरा पाणी पितो आणि कुजतो. पॉलिस्टर चालतो. फार बारीक, चकचकीत दोरा फोमला ब्लेडसारखा कापतो, म्हणून पहिले दोन वेढे नुसते टेकवायचे, तिसरा जरा ओढायचा, चौथ्याला पूर्ण आवळायचं. हे बोटांनाच कळतं. फोम दबताना जो बारीक विरोध जाणवतो, तो थांबला की दोराही थांबवायचा.

एक फ्लाय जवळून बघू. हुमणीचा भुंगेरा आपल्या भागातल्या प्रत्येक शेतकऱ्याला माहीत आहे. ऊस आणि हळद ही कुरुंदा-वसमत पट्ट्यातली मोठी पिकं, आणि हुमणीची अळी दोन्हींची मुळं खाते. वळवाचा किंवा मृगाचा पहिला चांगला पाऊस झाला की जमिनीतून तिचे भुंगेरे संध्याकाळी बाहेर पडतात आणि कडुलिंब, बाभळीवर जमतात. कृषी खातं त्या दिवसांत फांद्या झोडपून भुंगेरे गोळा करायला, प्रकाशसापळे लावायला सांगतं. तळ्याच्या काठावर कडुलिंब किंवा बाभूळ असेल तर यांतले काही पाण्यात पडतातच. भुंगेरा साधारण दोन सेंटिमीटरचा, तपकिरी, जाडसर.

त्यासाठी आठ किंवा दहा नंबरचा गळ छोट्या व्हाइसमध्ये वाकाजवळ धरायचा. दांडीवर तपकिरी दोऱ्याचा खरखरीत थर, थेंबभर फेविक्विक. तपकिरी फोमची सहा मिलिमीटर रुंद पट्टी एका टोकाला तिरपी कापून त्या टोकानं वाकाच्या वर बांधायची. टोक तिरपं कापल्यानं तिथे गाठ जाड होत नाही. मग पोटासाठी मोराच्या पिसाचे चार-पाच तंतू. मोर वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीतला पक्षी आहे, त्याला हात लावायचा नाही. पण शेतात आपोआप गळून पडलेलं पीस उचलायला कायद्याची आडकाठी नाही, ते देशाबाहेर मात्र पाठवता येत नाही. तंतू दोऱ्याला पीळ देऊन दांडीवर गुंडाळले की ते ओल्या अंगाच्या किड्यासारखे हिरवट-तांबूस चमकतात. आता पट्टी पुढे ओढायची. इथे ओढ महत्त्वाची आहे. ताणून ओढली तर पाठ पातळ होते आणि उचल जाते, ढिली सोडली तर पाठ कुबडासारखी वर येते आणि फ्लाय पाण्यावर कलंडते. फोम पोटावर नुसता टेकेल इतकीच ओढ. नेढ्यापासून तीन मिलिमीटर मागे बांधायचं, म्हणजे पुढचा उरलेला तुकडा डोकं होतो. त्याच बांधावर दोन्ही बाजूंनी काळ्या रबराचे पाय, शिवणकामाच्या बारीक इलॅस्टिकचे केले तरी चालतात. शेवटी डोक्यावर नारिंगी फोमचा तांदळाएवढा तुकडा, आपल्याला दिसावी म्हणून.

ही फ्लाय तळ्यावर न्यायच्या आधी बादलीत पाहावी. हातभर उंचीवरून सोडायची. कशीही पडली तरी गळ खाली आणि पाठ वर अशी सरळ झाली पाहिजे. होत नसेल तर फोम एक तर अरुंद आहे किंवा दांडीच्या बाजूला सरकला आहे. उचलीचा मध्य वर आणि वजनाचा मध्य खाली असायला हवा. दोन्ही बाजूंना पसरलेले पाय तिला कलंडू देत नाहीत. मग वरून बोटानं बुडवून सोडायची. उसळून वर यावी, पण आल्यावर पाठ पाण्याबाहेर आणि पोट पाण्यात असावं. पोटही पाण्याबाहेर राहत असेल तर फोम जास्त झाला.

या शेवटच्या गोष्टीवर मी अडून बसतो, कारण फोमच्या फ्लायची खरी परीक्षा तिथेच होते. पाण्यातून वर बघणाऱ्या माशाला बाहेरचं जग एका गोल खिडकीतून दिसतं. प्रकाश पाण्यात शिरताना वाकतो, त्यामुळे ही खिडकी साधारण 97 अंशांच्या शंकूची असते. मासा जितका खोल तितकी खिडकी मोठी. खिडकीच्या पलीकडे पाण्याचा पृष्ठभाग त्याला आरशासारखा दिसतो, तळाचं प्रतिबिंब दाखवणारा. त्या आरशातून जे खाली घुसलेलं असतं तेच त्याला दुरून दिसतं: भुंगेऱ्याचे पाय, पोट, आपल्या फ्लायचा गळ. पाण्यावर पूर्ण उभी राहिलेली फ्लाय दुरून जवळजवळ दिसतच नाही. म्हणून फोम भरपूर लावून फ्लाय डौलात उंच तरंगवायची, हा अभिमान माशाच्या बाजूनं बघितलं तर फुकट आहे. पडलेला किडा कधी डौलात तरंगत नाही, तो पाण्याला चिकटून धडपडतो.

आणि पाणी गढूळ झालं की हेही पुरत नाही. पावसाळ्यात आपल्याकडच्या ओढ्यांत, तळ्यांत काळ्या मातीचा गाळ उतरतो आणि वीतभर खोलीवरचं दिसत नाही. ट्राउटवाल्यांनी रंगांच्या छटांवर, पायांच्या संख्येवर जी पानंच्या पानं लिहिली, ती या पाण्यात निरुपयोगी ठरतात. इथे मासा आधी हालचाल ओळखतो. त्याच्या अंगावरच्या पार्श्वरेषेला पाण्यातले हेलकावे कळतात. म्हणून गढूळ पाण्यासाठी फ्लाय काळी, ठसठशीत, आणि आवाज करणारी असावी. फोम इथे सगळ्यांत जास्त कामाला येतो, कारण त्याला ओठ देता येतो.

ओठाची सर्वांत साधी रचना बोस्टनच्या जॅक गार्टसाइडनं लोकप्रिय केली. गार्टसाइड गर्गलर या नावानं ती ओळखली जाते. पट्टी पाठीवरून पुढे आणून बांधताना नेढ्याच्या पुढे बोटाच्या नखाएवढा तुकडा सोडायचा, तो मागे दुमडून उभा राहील असा त्याच्या पायथ्याशी दोऱ्याचे वेढे द्यायचे. दोर हळूच ओढला की हा उभा ओठ पाणी ढकलतो, गुळगुळ आवाज होतो आणि मागे बुडबुड्यांची रेघ उठते. कोरलेल्या बुचाच्या, आवाज करणाऱ्या ‘पॉपर’ फ्लायपेक्षा हे हलकं, लवकर बांधून होणारं, आणि माशाच्या तोंडात मऊ लागणारं. मऊपणाचं महत्त्व मोठं आहे. कडक वस्तू तोंडात आली की मासा ती लगेच थुंकतो. फोम चावता येतो, म्हणून क्षणभर जास्त धरून ठेवतो, आणि तेवढ्यात गळ ओढता येतो.

मरळीसाठी हाच ओठ, पण बेडकाच्या अंगावर. मरळ हवेतून श्वास घेणारा मासा, थोड्या थोड्या वेळानं वर येऊन हवा घेतो, पाणवनस्पतींच्या कडेला दबा धरून बसतो आणि बेडकावर तुटून पडतो. इथे चपलेचा तळ बाहेर काढायचा. पितळेच्या नळीचं तोंड आतून घासून धार करायची आणि ती फिरवत फिरवत तळातून दाबायची, बारा मिलिमीटर व्यासाचं गुळगुळीत नळकांडं निघतं. पॉलिश पेपरवर घासून पुढचं तोंड तिरपं करायचं. खालच्या बाजूला ब्लेडनं चीर द्यायची आणि ती दोरा व फेविक्विक लावलेल्या दांडीवर बसवायची. चीर वरच्या बाजूला दिली तर फोम दांडीच्या खाली येतो आणि तोंड बुजतं. खालच्या कडेला उथळ चीर दिली की सगळा फोम दांडीच्या वर राहतो. मरळीचं तोंड हाडाचं, गळ 1/0 पासून वरचा, मजबूत तारेचा घ्यावा, आणि दांडी व टोक यांच्यामध्ये भरपूर मोकळी जागा दिसली पाहिजे. जलपर्णीत गळ अडकू नये म्हणून जाड तंगुसाचा एक तुकडा वाकाजवळ बांधून टोकासमोरून नेढ्यापर्यंत कमानीसारखा आणायचा. काडी-पानं त्यावरून घसरतात, मरळीच्या जबड्याखाली तो दबतो.

इथे एक गोष्ट कळकळीनं सांगायची आहे. पावसाळ्यात मरळीची जोडी आपल्या पिल्लांच्या घोळक्याची राखण करते. पाण्यावर तांबूस पिल्लांचा गोळा सतत वरखाली होताना दिसतो, त्याच्या खाली आई-बाप असतात. त्या वेळी त्यांच्यावरून फोमचा बेडूक ओढला तर ते हमखास हल्ला करतात, भुकेनं नव्हे, राखणीसाठी. ती जोडी काढली की घोळका काही वेळात इतर माशांच्या पोटात जातो. असा गोळा दिसला की तिथून काठी उचलून दुसरीकडे जावं.

शेततळ्याचा विषय निराळा. राज्य सरकारनं 2016 मध्ये मागेल त्याला शेततळे योजना आणली, आणि अनेकांनी पुढे त्यात मासे सोडले. पुष्कळ तळ्यांना 500 मायक्रॉनच्या प्लास्टिकचं अस्तर असतं. तळाशी बसणारा गळ अस्तरात रुतला आणि ओढला तर भोक पडतं, पाणी गळतं, आणि शेतकऱ्याचं मोठं नुकसान होतं. तरंगती फ्लाय तळाला लागत नाही. माझ्या दृष्टीनं मराठवाड्यात फोमला याहून चांगलं कारण नाही. इथल्या माशांना बहुतेक वेळा तरंगतं खाद्य टाकतात, तपकिरी गोळ्यांचं. तसा गोळा करायला काही बांधावंच लागत नाही असं म्हटलं तरी चालेल: तपकिरी फोमचा वाटाण्याएवढा तुकडा, बारा नंबरच्या गळावर, एक चीर, थेंबभर फेविक्विक, वर दोऱ्याचे तीन वेढे. आपण मूठभर खाद्य टाकायचं आणि त्यात हा गोळा सोडायचा. इथे उंच तरंगणं चालतं, कारण खरं खाद्यही तसंच तरंगतं. मुरमुरे खायची सवय लागलेल्या माशांसाठी पांढऱ्या फोमचा मुरमुरा होतो. देवळाच्या डोहात लोक श्रद्धेनं माशांना मुरमुरे टाकतात, तिथे ही विद्या वापरू नये, हे वेगळं सांगायला नको.

फ्लाय टाकायची कशाने, असा प्रश्न येतो, कारण फोमचा भुंगेरा इतका हलका की साध्या तंगुसावर तो दोन हातही जात नाही. परदेशात जाड, वजनदार दोर आणि लवचिक काठी वापरतात. दोराचं वजन फ्लायला ओढून नेतं. ही सामग्री महाग आहे. पण आपल्याकडची वेळूची लांब काठी आणि टोकाला तेवढ्याच लांबीचा तंगूस, रीळ नाही, हीसुद्धा फ्लायसाठी चांगली व्यवस्था आहे. जपानच्या डोंगरी ओढ्यांवर टेनकारा नावानं जी मासेमारी चालते ती अशीच, रिळाशिवाय. काठावरच्या झाडाखाली काठी पुढे करून भुंगेरा पाण्यावर नुसता टेकवायचा, उचलायचा, परत टेकवायचा. रिळाची काठी असेल तर अर्धा पाणी भरलेला पारदर्शक प्लास्टिकचा फुगा तंगुसाला लावतात. तो वजन देतो, आणि त्याच्या पुढे वावभर तंगुसावर फ्लाय. धरणाच्या पाण्यात मासेमारीचे हक्क बहुधा मच्छीमार सहकारी संस्थांकडे ठेक्यानं असतात, तिथे त्यांना विचारूनच काठी काढावी. भोई समाजाच्या पिढ्यांनी हे पाणी सांभाळलं आहे आणि मासा कुठल्या पाण्यात, कुठल्या महिन्यात वर येतो हे त्यांच्याइतकं कुणी सांगू शकणार नाही. एच. एस. थॉमस या मद्रास इलाख्यातल्या अधिकाऱ्याची भारतातल्या गळाच्या मासेमारीवरची पुस्तकं 1873 आणि 1887 ची आहेत. त्यानंतर आपल्या तळ्यांवर आणि आपल्या माशांवर, गळाच्या बाजूनं, मराठीत लिहिलं जायला हवं होतं. मुंबईत पवई तलावावर महाराष्ट्र स्टेट अँगलिंग असोसिएशन आहे, तिथे गळाची परंपरा टिकून आहे. मराठवाड्यातल्या पाण्यावर हे लिखाण व्हायचं आहे.

फोमच्या बाजूनं इतकं लिहिल्यावर त्याच्या विरुद्धचंही लिहायला हवं. इव्हीए कुजत नाही. झाडात अडकून तुटलेली फ्लाय तिथेच उन्हात चिरत राहते आणि शेवटी चुरा होऊन पाण्यात येते. राज्यात 2018 मध्ये थर्माकोलच्या ताट-वाट्यांवर बंदी आली, ती याच कारणानं. तलावाच्या काठी जाळ्यांच्या तुटक्या थर्माकोलचे मणी पसरलेले ज्यानं पाहिले आहेत त्याला अधिक सांगायला नको. फ्लायमधला फोम त्या मानानं अगदी थोडा आहे, पण म्हणून कापलेल्या कडा तळ्याकाठी टाकायच्या असं होत नाही. मेणात बुडवून तोंड बंद केलेलं भेंड, किंवा मोरपिसाच्या काडीचा तुकडा पोटाला वापरून केलेली फ्लाय हा पर्याय मला आशादायक वाटतो. काडीचा तुकडा दोन्ही टोकांना लाखेनं बंद केला तर तो बराच टिकतो, बारीक भुंगेऱ्याला पुरतो, आणि कुजून मातीत जातो. ओठ मात्र त्याला देता येत नाही, आणि गढूळ पाण्यात ओठाशिवाय भागत नाही. म्हणून स्वच्छ पाण्याच्या महिन्यांत काडी आणि पावसाळ्यात फोम, अशी वाटणी मी करीन.

गळाचा उलटा काटा पकडीनं दाबून सपाट करावा. मासा सोडताना त्याचं तोंड फाटत नाही, आणि आपल्या कानात किंवा बोटात गळ शिरला तर निघतो. हलकी फ्लाय वाऱ्यानं कुठेही भरकटते, म्हणून डोळ्यांवर चष्मा असावा.

बांधून ठेवलेल्या फ्लाय सांभाळायच्या उन्हापासून. एप्रिल-मे महिन्यांत मोटरसायकलच्या डिकीत किंवा गाडीच्या काचेखाली डबा राहिला तर इव्हीए आक्रसते, पट्ट्या दोऱ्यातून निसटतात, रबराचे पाय एकमेकांना चिकटून तुटतात. डब्यात फ्लाय दाबून भरल्या तर फोम चपटा होतो आणि पुरता फुगत नाही. भोकं पाडलेला, उंच झाकणाचा डबा घ्यावा, ओल्या फ्लाय घरी आल्यावर सावलीत वाळवून मगच त्यात ठेवाव्यात, नाहीतर फोम चांगला राहतो आणि आतला गळ गंजतो.